शाळेचा उमेदवार कोण?

२० डिसेंबर २०२५ला अंबरनाथमध्ये नगरपरिषदेचं मतदान झालं. माझं केंद्र एका प्राथमिक शाळेत, पहिलीच्या वर्गात होतं. बाकं मागच्या भिंतीशी एकावर एक रचलेली. फळ्याच्या कोपऱ्यात आदल्या दिवसाचा पट तसाच राहिलेला: मुलगे, मुली, एकूण. पायरीवर लाकडी फळ्या टाकून चाकाच्या खुर्चीसाठी उतार केलेला, व्हरांड्यात पिण्याच्या पाण्याचे दोन जार. रांगेत माझ्या पुढे एक बाई होत्या. त्यांची मुलगी याच शाळेत दुसरीत शिकते. त्यांनी स्वच्छतागृहाच्या दाराकडे बोट दाखवलं. "कडी बसवली बघा ताई. गणपतीच्या आधीपासून सांगत होतो आम्ही." मग जारकडे बघून म्हणाल्या, "सोमवारी राहतील का हो हे?"

मतदान केंद्रावर पाणी हवं, उतार हवा, स्वच्छतागृह हवं, उजेड हवा, हा निवडणुकीचा नियम आहे आणि तो पाळला जातो. शाळेत पाणी, उतार, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं हवीत, हा २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातला नियम आहे. १ एप्रिल २०१०पासून तो लागू आहे. दोन्ही नियम सरकारचे, इमारत एकच. मग पहिला नियम एका रात्रीत पाळला जातो आणि दुसरा पंधरा वर्षं रखडतो, असं का? पहिल्याला तारीख आहे आणि तो पाळला गेला नाही तर कोणाला विचारायचं हे ठरलेलं आहे. दुसऱ्यालाही कायद्याने तीन वर्षांची मुदत दिली होती, पण ती केव्हाच उलटून गेली आणि कोणाला विचारायचं हे प्रत्यक्षात कोणालाच ठाऊक नसतं. शिक्षणावरच्या पैशाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते सगळं या फरकात आहे.

ही निवडणूक दहा वर्षांनी झाली. आधीचं मतदान २०१५चं. २०२०मध्ये मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून जास्त काळ कारभार प्रशासकाकडे होता. शेजारच्या बदलापूरची तीच गत. त्यामुळे यंदा उमेदवारांकडे सांगायला खूप होतं. माझ्या दारात आलेली पत्रकं मी जपून ठेवली आहेत. पाणी, काँक्रीटचे रस्ते, वाहतूककोंडी, शिवमंदिर परिसर, उद्यानं. शिक्षणाचा उल्लेख बहुतेकांत आहे, पण कसा? 'डिजिटल शाळा', 'अद्ययावत अभ्यासिका', 'गुणवंतांचा सत्कार', 'मोफत वह्यावाटप'. किती शाळा, किती मुलं, किती रुपये आणि कुठून येणार, यातला एक आकडाही मला कुठल्या पत्रकात सापडला नाही. निकालानंतर सत्तेच्या जुळवाजुळवीमुळे अंबरनाथचं नाव देशभरच्या बातम्यांत गाजलं. कोण कोणाबरोबर गेलं हे मी रोज वाचत होते. शिक्षण समिती कोणाकडे गेली, तिला किती तरतूद मिळणार, हे कुठे वाचायला मिळालं नाही.

समिती आहे, हेच अनेकांना ठाऊक नसतं. १९६५च्या नगरपरिषद कायद्यात विषय समित्यांची यादी आहे. तिच्यात बांधकाम, आरोग्य, पाणीपुरवठा यांच्याबरोबर शिक्षण, क्रीडा आणि सांस्कृतिक कार्य अशी एक समिती आहे. सभापतिपदासाठी चुरस होते ती बांधकामासाठी. शिक्षण समिती उरलेल्याच्या वाट्याला येते आणि वर्षभरात तिचं काम क्रीडा महोत्सव नि सत्कार समारंभांपुरतं उरतं. मी याचा दोष नगरसेवकांना सरसकट देत नाही. जिथे पैसा आणि अधिकार नाही तिथे माणूस रमत नाही. प्रश्न असा की शाळेचा पैसा आणि अधिकार गेले कुठे?

एकेकाळी ते गावाच्या हातात होते. १९११मध्ये गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, ते पुढल्या वर्षी फेटाळलं गेलं. विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ला मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि नगरपालिकांना आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचं करण्याची मुभा मिळाली. १९२३च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे आला. जुनी माणसं 'स्कूल बोर्डाची शाळा' म्हणत ती ही. १९४७च्या कायद्याने लगाम पुन्हा वर खेचला: बोर्ड राहिलं, पण प्रशासन अधिकारी सरकारचा. शिवाय नगरपालिकांचे दोन वर्ग झाले. 'प्राधिकृत' नगरपालिकेला स्वतःचं मंडळ. बाकीच्यांच्या हद्दीतल्या शाळा जिल्ह्याच्या बोर्डाकडे, आणि १९६२ला जिल्हा परिषदा आल्यावर त्यांच्याकडे. शेवटी २०१३मध्ये राज्याने पालिकांची शिक्षण मंडळंही गुंडाळायचा निर्णय घेतला. गावोगावच्या लोकांनी निवडलेली, फक्त शाळेसाठी म्हणून असलेली संस्था नव्वद वर्षांत अशी क्रमाक्रमाने संपली.

ती संपली याचं दुःख करणारे थोडेच होते, हेही सांगायला हवं. मोठ्या शहरांची मंडळं गणवेश, दप्तरं, बूट यांच्या खरेदीसाठी ओळखली जात होती. मंडळावर जाणं म्हणजे पक्षाने केलेली सोय, असा समज होता आणि तो बऱ्याच अंशी खरा होता. माझं म्हणणं एवढंच की घरात उंदीर झाले म्हणून आपण घर पाडलं. खरेदीतला भ्रष्टाचार थांबवायला खरेदीचे नियम कडक करता आले असते. आपण शाळेबद्दल जाब विचारण्याची जागाच काढून टाकली. खरेदी काही थांबली नाही. ती वरच्या मजल्यावर गेली आणि तिथे आपल्याला जायला जिना नाही.

आता शाळेच्या फाटकाशी उभं राहून बघा. पाटी जिल्हा परिषदेची. समोरचा रस्ता, गटार नि दिवा पालिकेचा. शिक्षकांचा पगार राज्याच्या तिजोरीतून. शाळेला मिळणारं वार्षिक अनुदान समग्र शिक्षा योजनेतून, म्हणजे केंद्र आणि राज्याचं मिळून. खोली बांधायची तर जिल्हा नियोजनाचा किंवा आमदार-खासदारांचा निधी. तीन-चार किलोमीटरवर उल्हासनगरला महापालिकेचा स्वतःचा शिक्षण विभाग आहे, त्यांच्या शाळा मराठी, हिंदी, सिंधी अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या. लोकलच्या एका स्टेशनाच्या अंतरावर कारभाराची पद्धत बदलते. दुसरीतल्या मुलीच्या आईला हे सगळं कसं कळावं? तिला कडी हवी आहे. ती कोणाकडे मागायची?

मतदानानंतर महिन्याभराने मी दुसऱ्या एका शाळेत गेले, गावाच्या कडेला. मुख्याध्यापिका बाईंनी हजेरीच्या जुन्या कागदाच्या पाठीवर हिशेब मांडून दाखवला. पट ९४. समग्र शिक्षेच्या नियमाप्रमाणे ३१ ते १०० मुलांच्या शाळेला वर्षाला २५ हजार रुपये, त्यातले १० टक्के स्वच्छतेसाठी. म्हणजे महिन्याला दोन हजार रुपयांच्या आसपास. त्यात वीजबिल, खडू, फिनेल, झेरॉक्स, इंटरनेट, नळाची तोटी, पंख्याची दुरुस्ती. "एकशेएक पट झाला की ५० हजार मिळतात," त्या म्हणाल्या, "म्हणून मे महिन्यात आम्ही दारोदार फिरतो." शाळेचं बळ वाढवण्यासाठी सात मुलं शोधत उन्हात हिंडणाऱ्या शिक्षिका माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. ९४ मुलांना कायद्याप्रमाणे चार शिक्षक हवेत. तिथे तीन होते आणि त्यातले एक त्या आठवड्यात मतदारयादीच्या कामावर. म्हणजे पाच इयत्ता आणि दोन बाई. भिंतीवर मात्र एक मोठा स्मार्ट टीव्ही, देणगीदाराच्या नावासकट. त्याच्यावर कापड घातलं होतं, धूळ बसू नये म्हणून.

प्राधान्य या शब्दाचा अर्थ मला त्या कापडापाशी कळला. पैसा कमी आहे हे खरंच आहे. कोठारी आयोगाने १९६४ ते ६६ या काळात अभ्यास करून राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत असं सांगितलं, २०२०च्या धोरणातही तोच आकडा आहे. पण जो थोडा पैसा आहे तो कशावर आधी जातो? फोटोत दिसेल त्यावर. रंग, कमान, टीव्ही, टॅब. फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे माणूस: वर्गावरचा शिक्षक, लहान मुलींना स्वच्छतागृहात नेणारी सेविका, फाटकावरचा पहारेकरी, डाळ शिजवणारी बाई. पोषण आहार शिजवणाऱ्या बाईचं मानधन महिन्याला २५०० रुपये आहे. २०२३पर्यंत ते १५०० होतं. नव्याने लागणाऱ्या प्राथमिक शिक्षण सेवकाला २०२३पर्यंत ६ हजार मिळत, आता १६ हजार मिळतात. आणि मुलाच्या ताटाचा हिशेब: मे २०२५पासून पहिली ते पाचवीसाठी धान्य सोडून बाकी सामान नि शिजवण्याचा खर्च दिवसाला ६ रुपये ७८ पैसे. अंबरनाथ स्टेशनबाहेर एवढ्यात अर्धा वडापावही येत नाही.

अंड्याची गोष्ट इथेच सांगते, कारण तिच्यात सगळं आलं. नोव्हेंबर २०२३मध्ये राज्याने ठरवलं की शाळेतल्या मुलांना आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं, न खाणाऱ्यांना केळं. मुलं त्या दिवशी हमखास येऊ लागली, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. जानेवारी २०२५मध्ये त्यासाठीचा निधी बंद झाला आणि शाळांना सांगण्यात आलं की अंडी हवी असतील तर लोकवर्गणीतून करा. ज्या आयांची मुलं तिथे जेवतात त्यांनीच वर्गणी काढायची! राज्याच्या अर्थसंकल्पात ही रक्कम इतकी लहान होती की ती कापल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण ती कापायची ठरली तेव्हा कोणत्याही नगरसेवकाला, आमदाराला आपलं मत जाईल अशी भीती वाटली नाही. मला राग येतो तो याचा.

आणि बदलापूर. ऑगस्ट २०२४मध्ये शिशुवर्गातल्या दोन मुलींवर शाळेतच अत्याचार झाल्याची तक्रार पुढे आली, २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि दिवसभर गाड्या बंद राहिल्या. मी त्या दिवशी फलाटावर अडकलेल्यांत होते आणि एकाही प्रवाशाला चिडलेलं पाहिलं नाही. लगेच सरकारचा आदेश निघाला: शाळांत कॅमेरे बसवा. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली गेली. कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. पण २५ हजारांच्या शाळेने कॅमेरे कुठून आणायचे, आणले तर बघायचं कोणी? स्वच्छतागृहात कॅमेरा बसवताच येत नाही. तिथे विश्वासाची बाईच लागते, पगार वेळेवर मिळणारी. कॅमेरा एकदा विकत घेता येतो आणि त्याचं उद्घाटन होतं. बाईला दर महिन्याला पगार द्यावा लागतो, उद्घाटन काही नाही. सेविका मागे आणि कॅमेरा पुढे, हा क्रम इथून आला आहे.

पालिका म्हणेल, शिक्षकांचा पगार आमच्याकडे नाही, आम्ही काय करणार? करता येण्यासारखं पुष्कळ आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत पालिकांच्या कामांत शिक्षणविषयक बाबी आहेत. पालिकेच्या अंदाजपत्रकात महिला आणि बालकल्याणासाठी ५ टक्के राखीव ठेवावे लागतात. ते बहुतेक ठिकाणी शिलाई यंत्रं आणि प्रशिक्षण शिबिरांवर खर्च होतात. त्यातून हद्दीतल्या प्रत्येक प्राथमिक शाळेला, पाटी कोणाचीही असो, दोन सेविका द्या. रोजचं पाणी द्या. फाटकाबाहेरचा गतिरोधक आणि दिवा तर पालिकेचाच आहे. शाळा आमची नाही असं म्हणणाऱ्या पालिकेने एवढं लक्षात ठेवावं की मुलं तिचीच आहेत.

आणि पैसाही आपलाच आहे. घरपट्टीचं बिल काढून बघा. मालमत्ता करानंतर वृक्ष कर, अग्निशमन अशा ओळींत 'शिक्षण कर' अशी एक ओळ असते. १९६२च्या कायद्याने लागू झालेला राज्याचा हा उपकर पालिका आपल्याकडून घेते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. आमच्या इमारतीत चाळीस घरं आहेत. मी दारोदार विचारलं, एकालाही ती ओळ माहीत नव्हती. महात्मा फुल्यांनी १८८२मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं तेव्हा त्यांचा मुद्दा हाच होता की सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गाच्या वाट्याला जातो. ते बोलत होते शेतसाऱ्याबद्दल. आज अंबरनाथच्या चाळीतला भाडेकरूही भाड्यातून ती पट्टी भरतो आणि त्याची मुलगी कडी नसलेल्या दाराशी मैत्रिणीला पहाऱ्याला उभी करते. आपल्या गावातून वर्षाला किती शिक्षण कर गोळा झाला आणि गावातल्या शाळांत किती परत आला, एवढा एक ताळा नगराध्यक्षांनी दरवर्षी जूनमध्ये पालिकेच्या फळ्यावर लावावा. याला खर्च एका कागदाचा आहे.

माझ्या ओळखीतले बरेच जण इथे म्हणतील, आमची मुलं खासगी शाळेत जातात, आम्हाला काय त्याचं? त्यांना मी दोन गोष्टी सांगते. एक, त्यांच्या मुलांच्या फीबद्दलही त्यांना कोणी विचारत नाही. २०११च्या शुल्क नियमन कायद्याने पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला फी ठरवण्यात जे स्थान दिलं आहे, ते किती पालक वापरतात? समितीचे पालक सोडतीने निवडले जातात. चिठ्ठी निघते, नाव लागतं, आणि सभेला कोणी जात नाही. दुसरी गोष्ट, सरकारी शाळा दुबळी झाली की खासगी शाळेची फी वाढते, कारण पालकाला दुसरी वाट उरत नाही. शिक्षणहक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांचंच बघा. ९ फेब्रुवारी २०२४ला राज्याने अधिसूचना काढली की एक किलोमीटरवर सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागा देण्याची गरज नाही. उच्च न्यायालयाने १९ जुलैला ती रद्द केली, चांगलंच झालं. पण राज्य प्रत्येक मुलामागे त्या शाळांना जे १७,६७० रुपये देणं लागतं ते वर्षानुवर्षं थकतात. गरिबाचं मूल मग त्या वर्गात थकबाकी म्हणून बसतं.

मग जाब विचारायची जागा कुठे आहे? ती अजून पूर्ण संपलेली नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ने प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आणली आहे. त्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. शाळेच्या अनुदानाचा खर्च बघणं आणि शाळा विकास आराखडा तयार करणं हे या समितीचं काम. शंभर वर्षांपूर्वीच्या स्कूल बोर्डाची ही नात म्हणावी अशी संस्था आहे, फक्त एका शाळेपुरती. प्रत्यक्षात काय होतं? मुख्याध्यापक पालक सभा बोलावतात, पंधरा जणी येतात, नावं सुचवली जातात, रजिस्टरवर सह्या होतात. आराखड्याचा छापील नमुना भरून वर जातो आणि तिथेच राहतो. कोणी तो पालिकेच्या दारात नेत नाही. नगरसेवकाला तो वाचावा लागत नाही.

कायद्याने याच समितीत स्थानिक प्राधिकरणाच्या निवडून आलेल्या प्रतिनिधीला खुर्ची दिली आहे. पाच वर्षं नगरसेवकच नव्हते, त्यामुळे ती खुर्ची रिकामी राहिली, हे समजू शकतं. आता ५९ नगरसेवक निवडून आले आहेत. प्रत्येकाने आपल्या प्रभागातल्या एका शाळेच्या समितीत बसायचं ठरवलं, आणि त्या शाळेचा आराखडा अंदाजपत्रकाच्या सभेत हातात धरून उभं राहायचं ठरवलं, तर शिक्षण समितीला काम मिळेल. पुढच्या वेळी मतं मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला मी तीनच प्रश्न विचारणार आहे. तुमच्या प्रभागातल्या शाळेचा पट किती? तिथे शिक्षक किती कमी आहेत? समितीच्या किती सभांना तुम्ही गेलात? हे प्रश्न मी लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवले आहेत, घाईत विसरू नये म्हणून.

रांगेत भेटलेल्या त्या बाई मला फेब्रुवारीत भाजी मंडईत पुन्हा दिसल्या. जार सोमवारीच उचलून नेले होते. कडी आहे. पालक सभेत त्यांनी स्वतः हात वर केला आणि समितीत नाव घातलं. "पहिल्या सभेत काय विचारू?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, अनुदान किती आलं ते विचारा. त्यांनी पिशवीतून पेन काढलं आणि कोथिंबिरीच्या जुडीला गुंडाळलेल्या कागदाच्या कडेला लिहून घेतलं: अनुदान किती. मग थोडं थांबून त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: पाणी कोण देणार.